मोठ्या घंटेची पाटी

“मग चूक कुणाची, ते तरी सांगा,” केतकीने तिसऱ्यांदा विचारलं.

धाकूबुवा मठाच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, चावला आणि पुढची शेंग उचलली.

“दोनदा सांगितलंत,” ते म्हणाले. “आता पुन्हा सांगा. या खेपेला स्वतःची वकिली न करता.”

केतकी वाघुलदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुण्याहून पहाटे निघायचं, तीन तास गाडी हाकायची, वर दीड तास डोंगर चढायचा आणि एका दाढीवाल्याकडून हे ऐकून घ्यायचं. पण कुणी आमंत्रण दिलं नव्हतं, आपल्या पायांनी आली होती. तेव्हा गुमान सांगायला लागली.

तिची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी फोनवरची सोबत चालवत होती. कुणाची मुलं परदेशी, कुणाला मुलंच नाहीत, अशी अकराशे चाळीस माणसं. म्हाताऱ्याने गळ्यातल्या यंत्राचं बटण दाबायचं की पलीकडून एआय एजंट बोलतो. गोड बोलतो, कंटाळत नाही. त्याच्या हाताशी बारा साधनं दिलेली. टूल म्हणतात त्यांना. औषधाची आठवण करायचं एक, मुलाला निरोप धाडायचं एक, तक्रार वहीत नोंदवायचं एक, घरी माणूस पाठवायचं एक. प्रत्येक टूलपुढे लिहिलेलं असतं, हे काय आहे आणि कधी वापरायचं. एजंट ते वाचतो आणि कुठलं टूल उचलायचं ते आपलं आपण ठरवतो.

ते लिहिणारी केतकी. बाराच्या बारा टूलांची वर्णनं तिच्या हातची.

“आणि ते टिल्लू?” बुवांनी विचारलं.

“नरहर टिल्लू. एक्याऐंशी वर्षांचे. न्हाणीघरात पाय घसरून पडले. यंत्र गळ्यातच होतं. एजंटला म्हणाले...”

ती थांबली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, जरा पडलोय. विशेष काही नाही. उगीच कुणाला त्रास नको.”

“मग?”

“मग एजंटने नोंद केली. ‘पडल्याची किरकोळ तक्रार.’ आणि त्यांना म्हणाला, काळजी घ्या.”

बुवांचा हात शेंगेवर थांबला.

“चौदा तास तसेच पडून होते,” केतकी म्हणाली. “सकाळी स्वयंपाकाच्या बाई आल्या म्हणून वाचले. मी भेटायला गेले होते. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले.”

“माणूस पाठवायच्या त्या साधनापुढे तुम्ही काय लिहिलं होतंत?”

हे मात्र तिने ताठ मानेने सांगितलं. “तातडीच्या प्रसंगी माणूस पाठवावा.”

“एवढंच?”

“चार शब्द. एक जास्त नाही, एक कमी नाही. याहून स्वच्छ लिहून दाखवा मला. सोमवारी सेवा पुन्हा सुरू होतेय. साहेब म्हणतात, ओळ बदल. मी म्हणते, ओळ बरोबर आहे, एजंटला अक्कल नाही. पण माझ्या ओळीत चूक असेल तर ती कुणीतरी मला दाखवायला हवी ना?”

आता खरं सांगायचं तर चूक पाहायला ती आलीच नव्हती. ‘तुझं बरोबर आहे गं’ एवढं कुणीतरी म्हणावं, यासाठी जीव तुटत होता तिचा. तीन आठवडे झाले, ऑफिसात कुणी तिच्या टेबलाशी चहाला थांबत नव्हतं. वाईट कुणी बोलत नव्हतं, तेच वाईट होतं. घरी कुलूप उघडून आत शिरलं की सकाळी ठेवलेला कप तिथेच असायचा, कारण उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. कॉलेजातल्या एका जुन्या सरांनी या बुवांचं नाव सांगितलं होतं. म्हणाले, त्या मठात प्रत्येक वस्तूला पाटी आहे, तुझं काम त्यांना कळेल.

“तुमच्या एजंटाला मागचं आठवतं?” बुवांनी विचारलं.

“नाही. प्रत्येक फोन त्याला पहिलाच.”

“अडलं तर कुणाला विचारता येतं?”

“नाही. पुढ्यात लिहिलेलं असेल तेवढंच.”

“म्हणजे एकटाच की बिचारा.”

“यंत्र आहे हो ते. त्याला कसलं आलंय एकटेपण?”

बुवांनी पावट्याची टोपली तिच्याकडे सरकवली.

*

या मठाची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगतो.

एकांड्याचा मठ म्हणतात त्याला. इथे एका वेळी एकच माणूस राहतो. तीन वर्षं राहायचं आणि उतरायचं. जाणारा मागच्या वाटेने उतरतो, येणारा पुढच्या वाटेने चढतो. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. पाहिलं की बोलणं आलं, बोलणं आलं की गुरुबाजी आली, असं मूळपुरुषाचं म्हणणं. तऱ्हेवाईकच माणूस असणार, पण त्याला जाऊन दोनशे वर्षं झाली, भांडायचं कुणाशी?

तेव्हा नव्या माणसाला जे काही कळायचं ते पाट्यांवरून. वीतभर लाकडी फळी, तिला सुतळी, आणि ती त्या त्या वस्तूला बांधलेली. पाटी बदलायची तर त्याचाही नियम. ज्याचं तिच्यापायी चुकलं, त्यानेच ती खरवडायची आणि नवी लिहायची. इतरांनी हात लावायचा नाही.

खालच्या निवळी गावालाही रीत. पाहुणा परका कुणी वर गेला तर जाऊ दे. गावाने मात्र मठाची घंटा ऐकल्याशिवाय पायरी चढायची नाही. साधूचा एकांत मोडायचा नाही.

धाकूबुवा तीन वर्षांसाठी आले होते. त्यांना वर येऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्यामागे चढायला कुणी तयार झालं नाही.

*

“मी जरा खाली पाण्याच्या टाक्यावर जाऊन येतो,” बुवा उठत म्हणाले. “अर्धा तास. चहा करून घ्या.”

“मला इथलं काय ठाऊक?”

“पाट्या आहेत की.”

काठी-कळशी घेतली आणि गेले. वळणावर एकदा त्यांचं मुंडासं दिसलं, मग तेही दिसेना.

केतकी आत गेली. दोन वाजून गेले होते. पौषातलं ऊन दारातून हातभर आत आलेलं. एक खाट, एक चूल, एक माठ, भिंतीला एक कोनाडा आणि कोनाड्यात वही. एवढ्याशा खोलीत किती शांतता मावते, ते तिला पहिल्यांदाच कळलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये निदान शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो.

ती पाट्या वाचू लागली. आधी गंमत म्हणून.

दाराच्या अडसरावर लिहिलं होतं: “वाऱ्याने दार वाजलं तरी हा घालू नये. घातला की हलक्या हाताने निघत नाही. आतला माणूस आजारी असला तर बाहेरच्याला दार फोडावं लागतं.”

माठावर: “प्यायचं पाणी. भांड्याचं नव्हे. भांड्याचं बाहेरच्या दगडी डोणीत. दोन्ही सारखंच दिसतं, डोणीतल्याने पोट बिघडतं. माझं बिघडलं.”

चुलीवर: “धूर कोंडला तर खिडकी उघडू नये, वारा उलटा येतो. वरचं तिसरं कौल बांबूने सरकवावं. बांबू दाराआड.”

ती हसली. मग हसायची थांबली. तिने कौल सरकवलं, चूल पेटवली, बरोबर माठातलं पाणी घेतलं, साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला ते वाचून ओळखलं. या घरात जन्मल्यासारखा चहा झाला. जन्मात चूल पेटवली नव्हती तिने. कोण कुठली माणसं, कधीची मेलेली, आणि आपल्याला हाताला धरून नेतायत, असं तिच्या मनात आलं.

अर्थात कारागिराचा डोळा तो कारागिराचाच. फार पाल्हाळ, असंही तिला वाटलं. ‘माझं बिघडलं’ कशाला हवं?

ओट्याच्या कडेला दोन दोर लोंबत होते, वर दोन घंटा. लहान घंटेच्या दोराला पाटी: “दुधासाठी. दोन टोल दिले की गवळी शेवटच्या पायरीशी दूध ठेवतो. टोल दिला नाही तर दूध नको असं समजतो आणि वर बघत नाही.”

मोठ्या घंटेच्या दोराला पाटी: “संकटकाळी वाजवावी.”

ही तिला आवडली. अख्ख्या मठात एकाला तरी लिहिता येत होतं, असं ती मनाशी म्हणाली.

*

तीन वाजले. बुवांचा पत्ता नाही.

साडेतीन झाले. तिने ओट्यावरून हाक मारली. “बुवा...”

दरीने ती हाक घेतली आणि परत काही दिलं नाही.

मोबाईलला रेंज नव्हती. ती पहिल्या वळणापर्यंत जाऊन आली. पुढे वाट फुटत होती, एक टाक्याकडे, एक कुठे कुणास ठाऊक. खालून ढग चढत होते, पांढरे, ओलसर. ती परत फिरली.

चार वाजता तिने मोठ्या घंटेचा दोर हातात धरला.

आणि सोडला.

कसलं संकट? म्हातारा याच डोंगरावर अकरा वर्षं राहिलेला. टाक्यावर कुणी भेटलं असेल, गप्पांत वेळ गेला असेल. घंटा वाजवायची, अख्खं गाव धापा टाकत वर यायचं, आणि मागोमाग बुवा शांतपणे कळशी घेऊन यायचे. पुण्याच्या बाई घाबरल्या, म्हणून हसतील लोक. शिवाय रीत असेल काही. आपण पाहुणे. पाहुण्याने देवाच्या घंटेला हात लावावा का?

सव्वाचारला तिने पुन्हा हाका मारल्या. घसा बसला तिचा.

साडेचारला दोर पुन्हा धरला. या खेपेला जरा जास्त वेळ. वर बघितलं. घंटा हिरवी पडली होती, आतून बाहेरून सारखीच. आतला लोलक जिथे आपटतो तिथे धातू चकचकीत असायला हवा. तिथेही हिरवाच होता.

संकट म्हणजे रक्त, आग, साप. तसलं काही दिसत नव्हतं. नुसता एक माणूस अजून आला नव्हता.

तिने दोर सोडला. मग काहीतरी केलंच पाहिजे म्हणून आत गेली, कोनाड्यातली वही काढली. रोज एकदोन ओळी लिहायची चाल दिसत होती. शेवटच्या पानावर बुवांचं कालचं अक्षर होतं. त्याखाली तिने तारीख घालून लिहिलं: “सायं. ५. बुवा अजून आले नाहीत.”

लिहिल्यावर तिला बरं वाटलं. हेही सांगायला हवं, कारण खरं आहे ते. लिहून झाल्यावर पाच मिनिटं तिला अगदी बरं वाटलं.

*

सहाला दहा कमी असताना बुवा आले. काठी टेकत, सावकाश. कळशी रिकामीच होती.

केतकी धावत गेली. “अहो कुठे होतात? काय झालं? लागलंय का कुठे?”

“दुसऱ्या वळणाखाली बसलो होतो.”

“बसला होतात? मी हाका मारत होते.”

“ऐकल्या.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “ऐकल्यात? आणि ओ दिली नाहीत?”

“पडलेल्या माणसाला ओ देता येतेच असं नाही.”

“पण तुम्ही पडला नव्हतात.”

“हे मला ठाऊक. तुम्हाला कुठे ठाऊक होतं?”

बुवा ओट्यावर टेकले. थंडीत चार तास दगडावर बसून त्यांचे गुडघे धरले होते, ते चोळू लागले. मग उठून आत गेले आणि वही घेऊन आले. उंबऱ्यापाशी उजेडाला धरून त्यांनी वाचलं.

“सायंकाळी पाच. बुवा अजून आले नाहीत.” त्यांनी मान डोलावली. “अक्षर छान आहे.”

केतकीला एजंटची नोंद आठवली. किरकोळ तक्रार. काळजी घ्या. ती तिथेच खाली बसली. तोंडावर हात ठेवला, आणि तीन आठवडे अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. बुवांनी तिला रडू दिलं. दरीकडे बघत बसले.

“दोनदा दोर धरला होता मी,” ती बऱ्याच वेळाने म्हणाली.

“हं.”

“संकट आहे की नाही, ते कळेना. पाटीवर...”

“पाटीवर काय?”

“पाटीवर ते लिहिलेलंच नाही. संकट कशाला म्हणायचं ते. घंटेने काय होतं, कोण येतं, किती वेळाने येतं, उगीच वाजली तर काय... काहीच नाही.”

“दुपारी तर आवडली असेल तुम्हाला.”

“हो.”

“मलाही ती बरोबरच वाटते,” बुवा म्हणाले. “अजून. कधीही वाचली तरी.”

*

मग त्यांनी वहीची पानं मागे उलटली. खूप मागे. अक्षर बदललं, बारीक आणि तिरकं झालं.

“माझ्याआधीचे सिदूबुवा,” ते म्हणाले. “वाचा.”

केतकीने वाचलं.

“आज अंग कणकण. तुळशीचा काढा घेतला.”

“ताप आहे. विशेष नाही.”

“ताप. दूध नको वाटलं. टोल दिला नाही.”

“उठून पाणी घेतलं. बरं वाटेल.”

“विशेष नाही.”

शेवटच्या ओळीचं अक्षर ओळीखाली उतरत गेलं होतं. त्यानंतर अर्धं पान कोरं, आणि मग धाकूबुवांचं ठसठशीत अक्षर सुरू.

“रीतीप्रमाणे मी पुढच्या वाटेने चढलो,” बुवा म्हणाले. “ते मागच्या वाटेने उतरलेले असायला हवे होते. एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, असा नियम. मी पाहिलं.”

“कुठे होते?” केतकीने विचारलं.

“खाटेवर. दोरापासून बारा पावलं. मोजली मी. गावाला वाटलं, दूध नको असेल.”

ढग ओट्यापर्यंत आले होते.

“मग तुम्ही पाटी का नाही बदललीत?” तिने विचारलं. आवाजात धार होती, आणि ती असायलाच हवी होती. “अकरा वर्षं. रीत म्हणून?”

“ज्याचं चुकलं त्याने बदलायची. सिदूबुवांचं चुकलं. ते कसे बदलणार?”

“आणि तुम्ही?”

“मला दोनदा ताप आला. एकदा पाय मुरगळला, तीन दिवस सरपटत होतो. घंटा नाही वाजवली.”

“का?”

“बरा झालो की. म्हणजे संकट नव्हतंच.” बुवा स्वतःशीच हसले. हसणं काही सुखाचं नव्हतं. “जो जिवंत राहतो त्याचं काही चुकलेलं नसतं, ताई. ज्याचं चुकतं तो लिहायला उरत नाही. म्हणून ही पाटी दोनशे वर्षं जशीच्या तशी आहे. इतर सगळ्या दहादा खरवडल्या गेल्या. ही कोरी करकरीत.”

“रीत मोडून लिहायची होतीत.”

“बसलो होतो लिहायला. रीत झक मारते. पण लिहू काय? मला कळतं संकट म्हणजे काय. ज्याला कळतं त्याला दिसतच नाही, काय लिहायचं राहिलंय ते. तीन वेळा फळी घेतली. तीन वेळा तेच दोन शब्द सुचले.”

ते दोराकडे गेले. मोठ्या घंटेची पाटी सोडली, आणि सुरीसकट तिच्या मांडीवर आणून ठेवली.

“अकरा वर्षं वाट बघतोय,” ते म्हणाले. “या दोरापाशी कुणीतरी चुकावं आणि सगळे जिवंत असावेत.”

*

खरवडायला सोपं गेलं नाही. अक्षरं खोल गेली होती. केतकीचं बोट कापलं, तिने ते ओढणीला पुसलं आणि पुन्हा सुरी धरली.

मग कोळशाने लिहायला बसली. हात चालेना. तिला तिची चार शब्दांची ओळ आठवली आणि लाज वाटली. मग वाटलं, लाज पुढे कधीतरी. सोमवारी न्हाणीघरात कुणीतरी पडणार आहे, आणि त्या क्षणी एजंटपुढे फक्त ही ओळ असणार आहे. त्याला न्हाणीघर दिसणार नाही, कुणाला विचारता येणार नाही. तिला चार तास इथे कुणाला विचारता आलं होतं?

ती लिहीत गेली. मध्ये थांबे, बुवांना विचारी. गावातून कोण येतं? दोन माणसं आणि दोर, अशी रीत आहे म्हणे. किती वेळ लागतो? पाऊण तास, ढग असतील तर तास. उगीच वाजली तर रागावतात का? बुवांना ते ठाऊक नव्हतं. कधी वाजलीच नव्हती.

“मग मी लिहू ‘रागावत नाहीत’ असं?”

“खरं असेल तेच लिहा.”

तिने विचार केला आणि ते वगळून बाकीचं लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं, कारण अंधारून येत होतं.

“मोठी घंटा. ही वाजली की गावातून दोन माणसं वर येतात, पाऊण तासाने. ताप एका दिवसात उतरला नाही, पडलात, उठवेना, श्वास लागला, किंवा बाहेर गेलेला माणूस सांगितल्या वेळेच्या दुप्पट वेळ झाला तरी आला नाही, तर वाजवा. हे संकट आहे का, असा प्रश्न मनात आला तर वाजवा. ‘कुणाला त्रास नको’ असं मनात आलं तर नक्की वाजवा. दुधासाठी ही नव्हे, ती लहान. वहीत लिहिल्याने कुणी येत नाही. मी वहीत लिहिलं होतं.”

बुवा ऐकत होते. डोळे मिटलेले.

“फार लांब झालं,” केतकी म्हणाली. ही तिची जुनी खोड.

“कुणाला लांब? सिदूबुवांना पाच दिवस होते वाचायला.”

तिने मान खाली घातली.

“सगळं आलं?” बुवांनी विचारलं.

तिने पाटीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. फाटक्या घोंगडीत बसलेला म्हातारा, थंडीने निळसर पडलेली बोटं, अकरा वर्षांत गावातल्या कुणी ओलांडला नाही असा उंबरा. मग स्वतःचा तो कप तिला दिसला, सकाळी ठेवलेला, संध्याकाळी तिथेच असलेला. ती फळीवर वाकली. खाली जेमतेम एका ओळीची जागा उरली होती.

“काय लिहिलंत?”

“शरीराला काहीच झालेलं नाही, पण एकट्याने राहवेना झालं, तर तेही कारण पुरेसं आहे. वाजवा.”

बुवांनी पाटी हातात घेतली. ओळ न् ओळ बोटाखाली धरून पहिल्यापासून वाचली, सकाळीच मठात आलेल्या आणि काहीच ठाऊक नसलेल्या माणसासारखी. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. ते उठले, पाटी दोराला बांधली, गाठ ओढून पाहिली.

आणि दोर खेचला.

पहिला टोल नुसता खरखरला, हिरवा गंज खाली सांडला. दुसरा मात्र असा वाजला की केतकी दचकून भिंतीला टेकली. तिसरा. चौथा. ढगातून तो आवाज खाली उतरत गेला.

“बुवा, अहो... काय झालं? दुखतंय का कुठे?”

बुवांनी मान हलवली. दोर सोडून ते ओट्याच्या कडेशी जाऊन उभे राहिले. खाली काही नव्हतं, पांढरं नुसतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. केतकीच्या मनात आलं, दोनशे वर्षांत न वाजलेली घंटा कुणाला कळणार? कळली तरी कोण चढणार या वेळी?

मग खूप खालून, ढगाच्या पोटातून, एक हाक आली. पुरुषाची. तिला जोडून दुसरी, बाईची. मग कुणीतरी पत्रा बडवला.

“आलोऽऽ...”

धाकूबुवा वळले.

“ताई,” ते म्हणाले, “चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवा.”